डब्याबाहेरची मेंढरं

आखाडा बाळापूर
सोमवार, २० जानेवारी २०२५

शितल लेकरा,

सगळ्यात आधी कोण आलं म्हणशील तर पार्वतीबाई. हळदीकुंकू चारला ठेवलं होतं अन् ही बाई अडीचलाच दारात. वरून म्हणती कशी, "नर्मदाबाई, म्हणलं तुमाला हाताखाली कोणीतरी पायजे." हाताखाली कशाची! वाण काय हाये ते बघायला आल्ती. मी सतरंजी झाडून राहिले, प्रतिक्षा साडीला पिना टोचून राहिली, अन् पार्वतीबाई त्या दोन खोक्यांभोवती मांजरीवाणी. शेजार म्हणून मी काही बोलले न्हाई. मनात लई बोलले.

पण शितल, तू नाक वर केलंस बघ माझं! भावजयीची पहिली संक्रांत, अन् नणंदेनं पुण्याहून वाण धाडलं. मी बालाजीला म्हणलं, बघ, तुझी बहीण एवढ्या मोठ्या कंपनीत बसून बी घर विसरली न्हाई. पत्र्याचे साठ डबे! पत्रा बी कसा, चांगला जाड, कोपरे गोल, झाकण टप्पकन बसतंय. वर मेंढरं काढलेली अन् मधी काठी घेतलेली बाई. पार्वतीबाई म्हणली, "ही तर तुमीच." मी म्हणलं, माझं नाक एवढं मोठं कधी होतं?

बाकीच्यांनी यंदा काय वाटलं सांगू? प्लास्टिकच्या चाळण्या. सत्यशीलाबाईनं तर साबणाच्या वड्या दिल्या, जशा काही आमी आंघोळच करत न्हाई. त्यात आपला डबा! घरातला एक धरून साठच्या साठ गेले, अन् तीस-चाळीस बाया हात हालवत परत गेल्या. तोंडं अशी करून गेल्या की मला दोन दिवस गोड झोप लागली.

आता एक विचारते, रागावू नको. डबा उघडला तर आत एक चिठ्ठी. नुसती चिठ्ठी! एवढ्या मोठ्या डब्यात तेवढीशी चिठ्ठी, जसं पोतं उघडावं अन् आत एकच हळकुंड. मी म्हणलं कंपनी माल भरायचा विसरली. पण प्रतिक्षानं नखानं चिठ्ठी खरडली, खालचा नंबर फोनात घातला, अन् बाई गं! फोनातून माझा आवाज! "हुर्रर्र, ये बाय ये, हुर्रर्र!" तुझा आज्जा बाहेर बाजेवर पडला होता, तो काठी घेऊन उठला, मेंढरं सुटली म्हणून.

गेल्या दिवाळीत तू माझ्यापुढं फोन धरून मेंढरं हाकायला लावली होती ते ह्याच्यासाठी होय? मला वाटलं होतं पोरगी पुण्यात राहून जरा येडी झाली.

तर असा सोहळा झाला. फोन करू नको. फोनवर बोललं की प्रतिक्षा ऐकती, बालाजी ऐकतो, अन् भिंतीपलीकडून पार्वतीबाई ऐकती. म्हातारपणी तू अक्षरं शिकवलीस, तर ती वापरू दे. पत्र लिव्ह, अन् ठळक लिव्ह, मागल्या बारीला मुंग्या चालल्यावाणी लिवलं होतंस.

तुझी आजी
नर्मदाबाई



पुणे
शनिवार, २५ जानेवारी २०२५

प्रिय आजी,

शि. सा. न. आणि आजी, तू काय करून बसलीस!

ते वाण नव्हतं गं! मी आठ तारखेला पत्र टाकलं होतं, त्यात सगळं लिहिलं होतं. ते मिळालं नाही का? ते डबे बालाजीदादानं नांदेडच्या दुकानात पोचवायचे होते. वीस फेब्रुवारीला आमचा खेळ निघणार आहे. त्याचं नाव 'कळप'. सगळ्या दुकानांत एकाच दिवशी, एकाच वेळी. त्याआधी एकही डबा उघडायचा नाही, असा आमच्या धंद्यातला नियम आहे. नियम मोडला तर दुकानाला पुढचा माल मिळत नाही. दुकानाचं सोड, इथं तर माझ्या आजीनंच मोडला.

चिठ्ठीचं विचारलंस. आजी, पूर्वी डब्यात तबकडी असायची. ती यंत्रात घातली की खेळ सुरू. आता तबकडी घालायला यंत्राला फटच नसते. सगळं जग खेळ थेट फोनवर उतरवून घेतं, डब्याबिब्याशिवाय. पण आमच्या शिवहार सरांना ते मान्य नाही. त्यांचं नांदेडला तबकड्यांचं छोटं दुकान होतं, तिथून ते इथवर आले. ते म्हणतात, "दुकानाच्या दारातून गेला तोच खेळ. बाकी हवा." मग त्यांनी मधला मार्ग काढला. डबा दुकानात, चिठ्ठी डब्यात आणि खेळ चिठ्ठीत. आम्ही सगळे डोकं धरून बसलो. परवाच्या बैठकीत ते म्हणाले की डाउनलोडचं हे खूळ दोन वर्षांत जाईल. बारा वर्षं झाली, दरवर्षी दोनच वर्षं उरतात. आणि डबे छापणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

खरं सांगते, फक्त तुला. राज्यभरात आमचा माल ठेवणारी चाळीस दुकानं होती, आता अकरा उरलीत. एका दुकानात पाणीपुरी मिळते. तिथं डबे गेले काय आणि न गेले काय. डबे खपले नाहीत तर खेळ बंद करायचा, असं ठरलंय. एकदा कुलूप लागलं की मलासुद्धा तो उघडता येणार नाही. तीन वर्षं, आजी. तुझ्या सगळ्या वाटा, तुझ्या हाळ्या, तू ज्या ओढ्याकाठी बाबांना जन्म दिलास तो ओढा, सगळं त्यात आहे. थेट फोनवर सोडा म्हणून मी सरांना तीनदा विनवलं, पाया पडायचीच राहिले फक्त.

तेव्हा कृपा कर. डबे परत गोळा कर. खरडलेल्या चिठ्ठ्यांचं मी बघते, निदान डबे तरी साठ दिसू देत. झाकणाला चिकटपट्टी लाव.

फोन बारा वेळा केला. कुणी उचलत नाही. काहून?

तुझी
शितल



आखाडा बाळापूर
शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५

शितल लेकरा,

तुझं आठ तारखेचं पत्र सापडलं. तुझ्या भावाच्या मोटारसायकलीच्या डिकीत, पान्ह्याखाली. पोस्टमननं रस्त्यात हातात दिलं होतं, हा म्हणतो "घरी गेलो की देतो," अन् घरी तर रोज येऊन राहिला. मी त्याला काय बोलले ते कागदावर लिवता येत न्हाई.

आता डब्याचं. लेकरा, हळदीकुंकू लावून दिलेलं वाण परत मागायचं? तुझी आजी मेली तरी हे व्हायचं न्हाई. अशी बाई आपल्या सात पिढ्यांत झाली न्हाई. तरी तुझ्यासाठी एकदा गेले मी. काळीज घट्ट करून पार्वतीबाईच्या घरी गेले, म्हणलं सुरुवात दुश्मनापासून करावी. तोंड उघडलं, तर तिनं पाट मांडला, कुकू लावलं, तिळाचा लाडू दिला अन् म्हणली, "नर्मदाबाई, आजवर कोणी मला असलं वाण दिलं न्हाई." लाडू खाल्ला अन् आले.

अन् परत घेऊन तरी काय घेणार. पार्वतीबाई त्यात कवळी ठेवती. सत्यशीलाबाईची मिसरी हाये त्यात. खालच्या आळीतल्या सेवानं देवघरात मांडलाय, देवाचे टाक आत अन् झाकणावर हळदकुकू. आता देवाला म्हणू का, उठा, कंपनीचा माल हाये?

फोन काहून उचलत न्हाई म्हणतीस. उचलंल कोण? फोन प्रतिक्षाच्या हातात, अन् प्रतिक्षा सकाळधरून मेंढरं हाकून राहिली. भाकर करपली परवा. तिला हाक मारली की म्हणती, "आजी, एक कोकरू माघं राहिलं, तेवढं आणते." मी बी सून असताना हेच म्हणत होते.

सगळ्या गावात हेच चालू हाये. दुपारी कुठल्याबी आळीतनं जा, माझीच हुर्रर्र. पार्वतीबाईची चाळीस मेंढरं खेळातल्या कयाधू नदीत वाहून गेली, तर ती माझ्याकडं भांडायला आली, की तुमचीच नदी हाये, तुमीच भरून द्या. मी तिला सांगितलं, पाणी चढलं असलं की म्हातारी मेंढी म्होरं घालायची, ती वाट बघून पाय टाकती. तिनं घातली. उतरली पार. तेव्हापास्नं ती माझ्याशी गोड बोलून राहिली, मला जरा भ्याव वाटून राहिलं.

पण एक चूक काढते तुझी. तुझ्या खेळात मेंढरं कापसात घुसतात अन् शेतकरी गुमान बघत उभा राहतो. असा शेतकरी मला साऱ्या आयुष्यात भेटला न्हाई. त्याच्या हातात काठी दे, अन् तोंडात दोन शिव्या. शिव्या पायजे असल्या तर मी लिवून धाडते, आज्जाला लई येतात.

तुझा साहेब पुरा येडा न्हाई पण. डबा झकास केलाय त्यानं. वस्तू हातात आली की माणसाला बरं वाटतं, ह्यात काही खोटं न्हाई. मला वाटतं, भला माणूस असंल, जरा लाजाळू असंल, म्हणून खेळ चिठ्ठीत लपवून देतो. त्याला एकदा जेवायला बोलाव.

तू जास्त टेन्शन घेऊ नको. ज्या तीस-चाळीस बायांना वाण भेटलं न्हाई, त्या रोज दारात येतात. "आमच्या फोनात काहून येत न्हाई?" म्हणतात. मी म्हणते चिठ्ठी लागती. तर म्हणतात, "मग चिठ्ठीच द्या, डबा नको." आता बोल!

तुझी आजी
नर्मदाबाई



पुणे
मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

आजी,

घाईत लिहितेय, ऑफिसच्या जिन्यात बसून.

आमच्याकडे सपना म्हणून मुलगी आहे. कोण किती खेळतंय ते तिच्या संगणकावर दिसतं. काल तिनं सगळ्यांसमोर सरांना दाखवलं. "सर, खेळ अजून निघाला नाही, पण साठ जण खेळतायत. सगळे एकाच गावात. रोज चार-चार तास." सरांनी गावाचं नाव वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

आजी, मी खोटं बोलले. म्हणाले, "सर, डबे आमच्या घरी सीलबंद आहेत. यंत्राचीच काहीतरी गडबड असेल." सपनानं मान खाली घातली. तिला कळलं होतं.

सर शुक्रवारी पहाटे नांदेडला निघतायत, दुकानांना भेट द्यायला. जातानाच बाळापूरला उतरून डबे स्वतः बघतो म्हणाले. घरचं पत्र्याचं दार, समोर पिंपळ, सगळं मला विचारून घेतलं. ते आले तर सांग की डबे रानातल्या खोलीत कुलपात आहेत, किल्ली बालाजीदादाकडे आणि दादा कुरुंद्याला हळद बघायला गेलाय. आणि त्यांना कळलंच, तर डबे वाटल्याचं मला काहीच माहीत नाही, असं सांग. एवढं एक सांभाळ. माझी नोकरी गेली तर चालेल, पण मी गेले की 'कळप' सोडा म्हणून तिथं भांडायला कुणीच उरणार नाही.

प्रतिक्षावहिनीला सांग, मेंढरं जरा बसव आणि फोन उचल.

शितल



आखाडा बाळापूर
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

शितल लेकरा,

तुझं जिन्यातलं पत्र काल आलं. अन् तुझे साहेब परवा येऊन गेले. आता वाच शांतपणे, आधी पाणी पी.

शुक्रवारी दुपारी पांढरी गाडी आली. आधी उतरला वसराम, गाडी चालवणारा, त्यानं विचारलं, "पत्र्याचं दार, पिंपळासमोर?" मग उतरली ती सपना, काखेत संगणक. मग शिवहारराव. मला वाटलं होतं उंच-धिप्पाड असतील, तर आपल्या बालाजीच्या खांद्याला लागतील एवढेच. डोक्याला तेल, हातात रुमाल. मी म्हणलं, या, बसा. ते म्हणले, "बसत न्हाई बाई, डबे बघतो अन् निघतो." मी म्हणलं, "बघा की."

लेकरा, मला काय माहीत तू काय सांगितलंस! मी त्यांना पार्वतीबाईच्या घरी नेलं. कवळीसकट डबा दाखवला. मग सत्यशीलाबाईकडं, मग सेवाच्या देवघरात. तिथं शिवहाररावांनी आधी डब्याला हात जोडले अन् मग त्यांच्या ध्यानात आलं. तोंड असं झालं की विचारू नको. म्हणले, "बाई, हे वीस तारखेआधी उघडायचे न्हवते. तुमच्या नातीनं मला सांगितलं सीलबंद हायेत." अन् मी, शहाणी, म्हणले, "असं कसं सांगंल ती? मी तिला वीस जानेवारीलाच लिवलं की, सगळे वाटले म्हणून."

सपनानं डोळे मिटले. तवा मला कळलं की मी काहीतरी फोडलं. जीभ चावली, पण चावून काय उपयोग, बोलून झालं होतं. तू मला माफ कर. न्हाई केलंस तरी भाकर तर माझ्याच हातची खावी लागंल तुला.

साहेब लालबुंद. म्हणले, "साठ डबे गेले, नियम गेला, अन् वर खोटं." मी म्हणलं, खोटं लेकरानं भ्यालं म्हणून सांगितलं, अन् भ्यालं ते तुमालाच. चहा घेता का? ते नको म्हणले. वसराम म्हणला मी घेतो.

तवर गावात बोंब झाली होती की खेळाची कंपनी आली. अंगणात बाया अशा जमल्या जसं रेशन वाटून राहिले. ज्यांना वाण भेटलं न्हाई त्या सगळ्या. प्रत्येकीच्या हातात फोन. "साहेब, आमच्या फोनात टाका! आमीच काय पाप केलं?" साहेबांना आधी बरं वाटलं. ताठ झाले. सपनाला म्हणले, "बघ, डबा दिला म्हणून खेळ गेला. मी काय म्हणत होतो?" ती म्हणली, "सर, ह्या बाया डबा मागत न्हाईत." पण त्यांनी ऐकलं न्हाई. बायांना म्हणले, "वीस तारखेला नांदेडच्या दुकानात येईल. तिथं जा अन् घ्या."

पार्वतीबाई पुढं आली. तुला ठाऊक हाये, मला ती बाई आवडत न्हाई. पण त्या दिवशी मी तिच्या पाया पडले असते. म्हणली, "साहेब, मेंढरं बाळापुरात अन् दरवाजा नांदेडात? एस्टीनं जाऊन दाराची किल्ली आणायची, अन् मग इथं येऊन मेंढरं हाकायची? त्यापरीस आमी खरी मेंढरं पाळतो."

सगळ्या हसल्या. साहेब न्हाई हसले. खाली बसले ते, आपल्या ओट्यावर. अन् म्हणले, "बाई, तुमाला न्हाई समजायचं. माझं स्वतःचं दुकान बी न्हवतं तवा नांदेडच्या एका दुकानदारानं मला माल मांडायला त्याची एक फळी दिली. मी शब्द दिला होता, की तुमच्या दारातनं गेल्याबिगर माझा एकबी खेळ जाणार न्हाई. आज मी थेट सोडला, तर त्या माणसाला तोंड कसं दाखवू?"

तवा मला कळलं, शितल. हा माणूस लाजाळू न्हाई, पण हट्टी बी न्हाई तू म्हणतीस तसा. शब्दात अडकलाय.

मी म्हणलं, मग विचारा की त्यालाच. ते म्हणले काय विचारू? मी म्हणलं, फोन लावा. सपनानं लावला बी. नांदेडचा तो दुकानदार, फोन मोठ्यानं बोलून राहिला, आमी सगळ्या कान देऊन. साहेब म्हणले, "भाऊ, वीस तारखेला फळी तयार ठेवा." तिकडून तो माणूस खाकरला. मग म्हणला, "शिवहारभाऊ, एक बोलू? राग नका मानू. माझं दुकान आता फोनच्या कव्हरचं हाये. तबकडीचं गिऱ्हाईक चार वर्सं झाली आलं न्हाई. पण तुमची फळी मी तशीच ठेवली. तुमी दरवर्सी येता, हात फिरवता तिच्यावर. न्हाई कसं म्हणू तुमाला? येणार असले की आदल्या दिवशी धूळ झटकतो."

अंगणातल्या पन्नास बाया साहेबांच्या तोंडाकडं बघून राहिल्या. पार्वतीबाईनं तर मेंढरं सोडून फोन खाली ठेवला, म्हणजे बघ.

हा त्याच्यासाठी अडून बसलेला, अन् तो ह्याच्यासाठी फळी झटकून राहिलेला. दोघंबी एकमेकाला तोंड दाखवायच्या भ्यावानं. मला हसू बी आलं अन् दोघांची कीव बी.

मग तुझा आज्जा उठला. बाजेवरून इतका वेळ नुसता बघत होता. ऐकायला कमी येतं, पण पायजे तेवढं बराबर येतं. साहेबांच्या बाजूला येऊन बसला, तंबाखू मळली, म्हणला, "तुमी बराबर करून राहिले साहेब. अडून बसा. मी बी बसलो होतो."

साहेबांना मोठा आधार वाटला. म्हणले, "कशापायी, मामा?"

"खतापायी," आज्जा म्हणला. "आमी मेंढरं रानात बसवायचो. शेतकरी बोलवायचा, चार-आठ दिवस त्याच्या वावरात मेंढरं राहायची, लेंडी पडायची, जमीन तयार. आमाला ज्वारी भेटायची, मान भेटायचा. मग ते खताचं पांढरं पोतं आलं. शेतकरी बोलवंना झाले. मग हळदवाले म्हणले, दगडोबा, तुझी लेंडी पायजे, पण मेंढरं वावरात नको, पोत्यात भरून दे. मी म्हणलं, मेंढी बसल्याबिगर खत कसलं? पोत्यात भरायला लेंडी काय साखर हाये? मेंढी बसंल तेच खत. बाकी कचरा. पाच वर्सं अडून बसलो."

"बराबर," साहेब म्हणले.

"एकदम बराबर," आज्जा म्हणला.

"मग? पुढं काय झालं?"

"काय व्हणार," आज्जा म्हणला, "मेंढरं उपाशी मेली. निम्मी. हिनं एक दिवस मला न विचारता पोती भरली, कुरुंद्याला धाडली, तवा घरात ज्वारी आली. पण मी काही हटलो न्हाई. आजबी मी पोत्याला हात लावत न्हाई." अन् लई अभिमानानं थुकला.

लेकरा, साठ वर्सं संसार केला ह्या माणसाबरोबर. एवढं शहाणं तो कधी बोलला न्हाई, अन् त्याला ठाऊक बी न्हाई तो काय बोलला.

साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. मग माझ्याकडं बघितलं. विचारलं, "बाई, तुमी पोती भरली तवा शेतकऱ्यांना तोंड कसं दाखवलं?"

मी म्हणलं, "त्यांनीच तर पोती मागितली होती, साहेब. लाज आमच्या घरात होती, त्यांच्या घरात न्हाई. लेंडी तीच. हळद बी तशीच पिवळी आली."

मग मात्र ते हसले. आधी बारीक, मग पोट धरून. सपनाला म्हणले, "बारा वर्सं मला सगळे आलेख दाखवून राहिले. लेंडी कोणी दाखवली न्हाई." ती म्हणली, "सर, आमच्याकडं न्हवती."

मग उठले अन् पिंपळाखाली जाऊन पुण्याला फोन लावला. पाठ आमच्याकडं. मला एवढंच ऐकू आलं, "हो, थेट. हो, सगळ्यांना. वीस तारखेला. न्हाई, शुद्धीत हाये मी." शितल, तुझी मेंढरं सुटली! कुलूप लागणार न्हाई. डब्याबिगर, चिठ्ठीबिगर, ज्याला पायजे त्याच्या फोनात. सपना माझ्या गळ्यात पडून रडली. मी बी रडले, मग पार्वतीबाई रडली, ती तर उगंच.

अन् डब्याचं काय, म्हणशील. मी त्यांना सांगितलं, डबा चांगला हाये साहेब, बंद करू नका. नुसता विका. नांदेडच्या त्या माणसाला बी फळीवर ठेवायला काहीतरी व्हईल, अन् त्याला धूळ झटकावी लागणार न्हाई. आत काही नको, बाया भरतात आपापलं. ते म्हणले, "रिकामा डबा विकू?" मी म्हणलं, आजवर काय विकत होते?

ह्यावर वसराम इतका हसला की चहा नाकातून आला.

मग बसले जेवायला. ज्वारीची भाकर, वरण, ठेचा. साहेब ठेच्याला घाबरले अन् मग तीनदा घेतला. तुझ्याबद्दल विचारलं मी. म्हणले, "रागावणार तर हायेच. खोटं ते खोटं. पण काढणार न्हाई." म्हणजे हे पत्र तुला भेटंस्तोवर तुझी बोलणी खाऊन झाली असतील. खाली मान घालून ऐकली असशील अशी आशा करते. मधी बोलू नको, बोलायची सवय तुला माझ्याकडून लागली. अन् त्या शेतकऱ्याच्या हातात काठी द्यायचं मी त्यांच्या कानावर घातलंय, शिव्यांचं सपनानं लिवून घेतलं. आज्जानं स्वतः सांगितल्या, पाच. सहावी त्याला आठवली न्हाई, ती रात्री आठवली, तर सोबतच्या चिठ्ठीवर हाये, ऑफिसात मोठ्यानं वाचू नको.

ज्या बायांना वाण भेटलं न्हाई, त्यांच्यासाठी चाळीस रिकामे डबे घेऊन परत येतो, म्हणले. मी म्हणलं कधी? ते म्हणले शिवरात्रीच्या आसपास. आसपास म्हणजे काय? पाव्हणं "आसपास" म्हणलं की येत न्हाई, मला ठाऊक हाये. मी कॅलेंडर खाली काढलं. बुधवारी शिवरात्र, तवा त्यांना घरची पूजा सोडता येत न्हाई. गुरुवारी त्यांचं पारणं. शनिवारी आज्जा मेंढरं घेऊन साखरा गावाकडं जाणार, अन् आज्जा असल्याबिगर येत न्हाई म्हणतात, दोघांचं लई जमलं. मग शुक्रवार ठरला. तिघंबी येणार, वसराम, सपना अन् साहेब, अन् तुला बी गाडीत घालून आणणार. शुक्रवार, अठ्ठावीस फेब्रुवारी, दुपारच्या जेवणाला.

तुझी आजी
नर्मदाबाई